जयवंताबाईची किंकाळी

हिंदी मुलखाच्या सीमेवर असलेल्या सौसरच्या वत्सला टॉकीजला बाल्कनी होती असं म्हणणं म्हणजे जरा अतीच झालं. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये मागच्या बाजूला एक लाकडी माळा ठोकलेला, माळ्यावर अकरा खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या मागे मशीनची खोली. याला सौसर बाल्कनी म्हणत असे, आणि सौसरच्या तोंडी कोण लागणार. त्या अकरांतल्या एका खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात 'जयवंताबाई' असं ठळक नाव घातलेलं होतं. तिच्या शेजारची गादीची खुर्ची मालकाची. तिच्यावर नाव नव्हतं, पण तिच्यावर बसायची छाती कोणाला होती? नायब तहसीलदार सहकुटुंब आले तरी त्यांना या दोन सोडून उरलेल्या नवांत सोय बघावी लागे.

एवढ्यावरून जयवंताबाई कोणी बागाईतदारीण असेल असं वाटलं, तर ते चूक आहे. जयवंता यशवंतराव सोमकुवर ही कापणीला जाणारी मजूर. बांधा बुटका, मनगटं पुरुषासारखी जाड, आणि बोलणं इतकं तोलूनमापून की बाई गप्पा मारतेय की कोर्टात साक्ष देतेय हे कळू नये. सौसरपासून लोधीखेड्यापर्यंत गहू आणि ज्वारी कापण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा यशवंतराव नगरपालिकेत, नळ सोडण्याच्या कामावर. सकाळी त्यांच्या हातातली लोखंडी किल्ली फिरल्याशिवाय गावाचं तोंड धुतलं जात नसे, त्यामुळे तेही स्वतःला लहान माणूस समजत नसत. दोघं दर रविवारी विहारात जात, पंचशील म्हणत, आणि विशेष म्हणजे म्हटलेलं पाळायची खटपटही करत. जयवंताचा कटाक्ष चौथ्या शीलावर. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. कोणा बाईनं प्रेमानं वाटीभर भाजी देऊन 'कशी झाली?' विचारलं, तर ती खरं सांगून मोकळी व्हायची. त्या बाईची भाजी पुन्हा यायची नाही.

अशा या बाईला ती खुर्ची मिळाली होती ओरडण्याबद्दल.

त्याचं असं झालं. ब्याऐंशी साली दिवाळीनंतर सुधाकररावांनी 'खूनी दरांती' नावाचा सिनेमा आणला. सुधाकरराव म्हणजे टॉकीजचे मालक. मूळचे संत्र्याचे बागाईतदार, पण सिनेमाचं वेड असं की झाडावर फळ किती आहे हे त्यांना कधी सांगता आलं नाही, आणि कुठल्या सिनेमात किती रिळं आहेत हे ते झोपेत सांगत. टॉकीजला बायकोचं नाव दिलं, आणि वत्सलाबाई जीव कोंडतो म्हणून एकदाही आत आल्या नाहीत. तर या सिनेमात एक खुनी होता. डोक्यावर पोतं, पोत्याला डोळ्यांपुरती दोन भोकं, आणि हातात दरांती, म्हणजे आपला विळा. सौसरनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून 'पोतेवाला' असं नाव ठेवलं.

यशवंतरावांनी जायला साफ नकार दिला. "आपन भूतखेत मानत नाही," ते म्हणाले, "मंग पैसे देऊन भ्याले काऊन जाचं?"

"अजी, थो भूत नाई, मानूस हाये," जयवंता म्हणाली. "पोस्टरवर पाय सरळ काढले हायेत."

हा मुद्दा यशवंतरावांनी मान्य केला. तेव्हा दोघं गेले आणि खाली फरशीवर, सगळ्यांसोबत बसले.

अर्धा सिनेमा जयवंता शांत होती. पोतं पाहून तिला काहीच वाटलं नाही; पावसाळ्यात निंदणाला जाताना सगळ्याच बाया डोक्यावर पोतं घेतात. मग पोतेवाला ज्वारीच्या शेतात शिरला. आत एक मुलगी लपलेली. पोतेवाल्यानं घाई केली नाही. डाव्या हातानं तिची वेणी मुठीत धरली, मनगटाला अर्धा वळसा दिला, विळा बुडाशी लावला आणि स्वतःकडे ओढला. हाणला नाही, ओढला. जयवंतानं आयुष्यभर हेच केलं होतं. हा सिनेमातला माणूस नाही, हा कुठल्या तरी शेतावरून धरून आणलेला खरा कापणारा आहे, हे तिला त्या एका क्षणात कळलं आणि तिची पाचावर धारण बसली.

"अवो माय वो! याले कापता येते!"

ती किंकाळी सौसर अजून विसरलेलं नाही. पडद्यावरची मुलगीही ओरडतच होती, पण तिच्याकडे कोण बघतो. पत्र्यावरची कबुतरं उडाली ती दुसऱ्या दिवशी परतली. बाहेरचा पानठेलेवाला हातातला चुना तसाच घेऊन आत आला. तिघी बायका चपला सोडून पळाल्या, एक पैलवान बाकाखाली सापडला, आणि भूत न मानणारे यशवंतराव बायकोच्या पाठीमागे होते. सिनेमा संपल्यावर लोक एकमेकांना सांगत होते की असा भीतिदायक सिनेमा झाला नाही, होणार नाही. सिनेमा तसा बरा होता. पण लोक भ्याले ते जयवंताला भ्याले.

दुसऱ्या दिवसापासून मोहगावहून बैलबंड्या येऊ लागल्या. तिकिटाच्या खिडकीत लोक विचारत, "ओरडनारी बाई कोनत्या खेळाले असते?" सुधाकरराव स्वतः सोमकुवरांच्या घरी गेले. तिकीट नको, रांग नको, तुम्ही फक्त या. सिनेमा पाच आठवडे चालला, तेवढ्यात जयवंता चार वेळा गेली आणि चारही वेळा तशीच ओरडली. त्यात काही नाटक नव्हतं. चांगली कापणी चारदा पाहिली म्हणून वाईट होत नाही, असं तिचं म्हणणं. सुधाकररावांनी खूश होऊन तिला माळ्यावर खुर्ची दिली आणि पेंटरकडून तिच्यावर नाव घालून घेतलं.

त्या नावाचं जयवंताला काय वाटलं हे सांगायलाच हवं. रेशनकार्डावर ती 'जैवंती' होती, मतदार यादीत 'जसवंती'. शाळा तिनं पाहिली होती ती बाहेरून, शेण गोळा करताना. यशवंतरावांनी लग्नानंतर तिला सहा अक्षरं शिकवली होती, ती हीच. आणि आता तीच अक्षरं, एक काना इकडेतिकडे न होता, खुर्चीवर. पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसलीच नाही, उलटी उभी राहून नावाकडे बघत राहिली. पेंटर म्हणाला, बाई, पडदा तिकडे आहे.

आता सिनेमावाल्यांनी इथंच थांबायला काय हरकत होती? पोतेवाला शेवटी विहिरीत पडला होता, विहीर खोल होती, पोलीस आले होते. पण मुंबईकडे एखादी गोष्ट चालली की ती मरेपर्यंत चालवतात, आणि मेल्यावरही. चौऱ्याऐंशीत 'खूनी दरांती भाग दो' आला. पोतेवाला विहिरीतून बाहेर आला, तोही कोरडा ठणठणीत. एवढं जयवंतानं चालवून घेतलं असतं. पण पोत्याच्या आत माणूस बदलला होता. हा नवा विळा धरायचा कंगव्यासारखा आणि चालवायचा कुऱ्हाडीसारखा, वरून खाली. असं हाणून गवताची पेंढीही कापली जात नाही. कापलाच तर स्वतःचा गुडघा.

पहिला खून झाला. जयवंता बघत राहिली. खाली फरशीवरच्या चारशे माना वळून माळ्याकडे लागल्या होत्या. शेजारून सुधाकरराव घाम पुसत म्हणाले, "जयवंताबाई, आता."

ती ओरडली. "अवो माय वो, याले कापता येते!" ओरडणं पोटातून नव्हतं, नुसतं घशातून होतं, पण लोकांना तेवढा फरक कुठला कळायला. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. जयवंताला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. ज्याला विळा धरता येत नाही त्याला कापता येतं म्हणून तिनं चारशे लोकांपुढं सांगितलं होतं.

पंच्याऐंशीत 'खूनी दरांती का आखरी वार'. यात पोतेवाल्याचा जुळा भाऊ निघाला, मग दोघंही जळून मेले, आणि त्यांची राख नदीत सोडली. शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'समाप्त' आलं तेव्हा सगळ्यांत मोठा सुस्कारा जयवंताचा होता. सुटलो बाबा, असं तिला झालं. तिनं त्याही खेपेला कसंबसं ओरडून वेळ निभावली होती, पण आता खुर्चीही राहील आणि खोटंही बोलावं लागणार नाही.

शहाऐंशीत 'आखरी वार के बाद' आला.

"राख झाली होती ना त्याची?" जयवंतानं विचारलं.

"झाली होती," सुधाकरराव म्हणाले. "थे राख पुन्हा जमा झाली, असं दाखवलं हाये."

यशवंतरावांना मात्र आनंद झाला. चार वर्षं त्यांच्या मनात बायकोच्या मागे लपल्याची बोच होती. "आता थो भूत झाला," ते म्हणाले. "अन् भूत आपन मानत नाही. आता तुले भेव लागाले कायदेशीर कारनच नाई उरलं."

हा भाग सौसरऐवजी शेजारच्या पांढुर्ण्याला लागला, आणि तिथल्या टॉकीजवाल्यानं सुधाकररावांकडून जयवंताला एका खेळापुरतं मागून घेतलं. जत्रेसाठी शेजारच्या गावचा बैल मागतात, तसं. मोटारीनं नेलं, मोटारीनं आणलं. पांढुर्ण्याचे लोक म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगडांच्या गोटमारीत डोकी फुटताना उभ्यानं बघणारे. ते सिनेमाच्या रक्ताला काय भीक घालणार. ते आले होते सौसरची बाई पारखायला. पडद्यावर पोतेवाल्यानं दारावर विळा हाणला, तर विळाच वाकला. पुठ्ठ्याचा होता, वर चांदीचा कागद. थिएटर खो खो हसलं. आता सौसरचं नाक कापलं जातं की काय, असं वाटून जयवंतानं डोळे मिटले आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून ओरडली. पांढुर्णा उठून उभा राहिला. एका म्हाताऱ्यानं तर फेटा उडवला.

जिन्याखाली तिची मावशी शकुबाई उभी होती. शकुबाईचा जन्म संत्र्याच्या वखारीत पेट्या भरण्यात गेलेला. रंग कितीही छान असो, हातात घेतल्याबरोबर पोकळ फळ तिला कळायचं.

"बाई वो," शकुबाई म्हणाली, "ब्याऐंशीत तुले ऐकाले मी सौसरले आली होती. थे किंकाळी भरली होती. आज वरून साल चांगली, अंदर भुसा. काऊन?"

जयवंता मोटारीकडे वळली. परतीच्या मोटारीत मोहगावचा फाटा आला तेव्हा तिला रडू आलं. लोकांनी ओळखलं नाही हे तिला टोचत नव्हतं. एकीनं ओळखलं होतं, आणि ती खोटं सांगत नव्हती.

पुढच्याच रविवारी वंदना झाल्यावर ती विहारात मागे थांबली. भिवाजी हे तिथले जुनेजाणते. आयुष्य रेल्वेच्या रुळांवर हातोडा मारण्यात गेलेलं, त्यामुळे कुठलीही गोष्ट ठोकून बघितल्याशिवाय ते मत देत नसत.

"भिवाजीबाबा, भेव न लागता ओरडलं, त थे खोटं बोलनं होते का?"

भिवाजींनी चष्मा काढला. "ओरडनं म्हंजे बोलनं नोहे. म्हैसही ओरडते. म्हशीले शील लागू नाही." हे बोलून त्यांनी चष्मा पुन्हा घातला, पण मग त्यांना शंका आली. "तू ओरडतानी काई शब्द म्हनते का?"

"म्हनतो ना. 'याले कापता येते.'"

"अन् त्याले येते?"

"पहिल्याले येत होतं. बाकी तिघाइले इळाच धरता येत नाही."

भिवाजींनी चष्मा पुन्हा काढला. मग म्हणाले, "मंग थे साक्ष झाली, बाई. खोटी साक्ष. अन् थेही तीनदा." आणि थोडं थांबून, आवाज उतरवून, "मीही तिन्ही पाह्यले. तिसऱ्याले त मी पांढुर्ण्याले जाऊन झोपलो होतो. पन मी कोनाले सांगतलं नाही का चांगला हाये म्हनून."

जयवंतानं तिथल्या तिथं ठरवलं. यापुढं पोटातून आलं तरच ओरडायचं. खुर्ची गेली तर जाईल. हे म्हणायला सोपं होतं. घरी येईपर्यंत तिच्या डोळ्यांपुढं पेंटर तारपिनाच्या फडक्यानं ती सहा अक्षरं पुसत होता.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत पाचवा भाग आला. नाव 'खूनी दरांती का भतीजा'. पोस्टरवर मोठा पोतेवाला आणि त्याच्या बोटाला धरून पुतण्या, छोटा पोतेवाला, त्याच्या हातात छोटा विळा. नव्याचे नऊ दिवस कधीच संपले होते आणि सुधाकररावांची सगळी भिस्त आता जयवंतावर होती. रिक्षावरचा भोंगा आठवडाभर ओरडत फिरत होता, 'सौसर की शान जयवंताबाई खुद हाजिर रहेंगी!' गव्हाची कापणी सुरू होती. जयवंता शेतातून थेट सहाच्या खेळाला आली, डोक्याला फडकं तसंच बांधलेलं, विळा पिशवीत. दारात तिनं सुधाकररावांना गाठलं.

"भाऊ, आज मी नाई ओरडन."

सुधाकरराव हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "अवो, असं कसं. पांढुर्ण्याहून लोक आले हायेत. एवढी एक खेप ओरडा, खुर्ची जन्मभर तुमची."

"अन् नाई ओरडली त?"

सुधाकरराव वाईट माणूस नव्हते, पण बाहेर तीनशे सायकली उभ्या होत्या. खांद्यावरचा टॉवेल काढून ते उगाच दाराची चौकट पुसू लागले. "खुर्ची ओरडनाऱ्याची हाये, जयवंताबाई. मंग पाहा लागन."

ती वर जाऊन, आधीच येऊन बसलेल्या यशवंतरावांच्या शेजारी बसली. बसायच्या आधी नावावरून एकदा हात फिरवला.

सिनेमा सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत सगळ्यांना कळून चुकलं की हा आधीच्या तिन्हींना चांगलं म्हणवणार. पोतेवाल्याची स्मृती गेली होती. भतीजा त्याला विळा कसा धरायचा ते शिकवत होता, आणि चुकीचं शिकवत होता. मध्येच बागेत एक गाणं झालं, त्यात पोत्यावर फुलं खोवली होती. पहिला खून झाला. चारशे माना माळ्याकडे वळल्या. जयवंता गप्प. दुसरा खून झाला. गप्प. तिसऱ्याला खालून कोणीतरी हाक मारली, "जयवंताबाई, झोपल्या का?" आणि नेमकी तेव्हाच, रीतीप्रमाणे, फिल्म तुटली.

वत्सला टॉकीजमध्ये आतले दिवे कधीचे गेलेले होते. म्हणून फिल्म तुटली की ऑपरेटर मशीनचा दिवा तसाच चालू ठेवायचा. पडद्यावर पांढरा झक्क उजेड पडायचा आणि त्यात लोक आपापली पोरं आणि चपला शोधायचे. आज मात्र कोणी काही शोधलं नाही. तिकिटाचे पैसे परत द्या, अशी बोंब उठली. सुधाकरराव धावत खाली गेले, पडद्यापुढच्या ओट्यावर चढले आणि हात जोडून लोकांना शांत करू लागले.

वर जयवंता उभी राहिली. बुटकी असल्यामुळे कठड्यावरून दिसेना, म्हणून ती आपल्या खुर्चीवर चढली.

"आयका," ती म्हणाली. "मी आज ओरडली नाई. याच्या मागच्या तीन खेपा ओरडली, थे खोटं होतं. मले भेव लागलं नव्हतं."

पैशांची बोंब अर्ध्यावर राहिली. मग पांढुर्ण्याकडचा कोणीतरी म्हणाला, "काऊन नव्हतं लागलं?"

"त्याइले इळा धरता येत नाही." हे सांगताना तिचा आवाज चढला, कारण आता गोष्ट शीलाची राहिली नव्हती, कामाची होती. "इळा हानाचा नसते. ओढाचा असते. तुमी सारे कापनीले जाता, तुमाले दिसत नाही का? हे पाहा." आणि तिनं पिशवीतून आपला विळा काढला.

आता ही खुर्ची मशीनच्या भोकाच्या बरोबर समोर होती, हे जयवंताच्या ध्यानात नव्हतं. तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही; ती शेजारच्या खुर्चीवरच्या यशवंतरावांना धरून दाखवत होती. पण खाली बसलेल्यांना दिसलं ते वेगळंच. पांढऱ्याफेक पडद्यावर खालपासून वरपर्यंत एक काळी सावली उभी राहिली. डोकं फडक्यात गुंडाळलेलं. हातात विळा, एका माणसाएवढा. सावलीनं घाई केली नाही. डाव्या मुठीत काहीतरी धरलं (ती यशवंतरावांची शेंडी नसलेली डोई होती, पण ते पडद्यावर कोणाला कळणार), मनगटाला अर्धा वळसा दिला.

सुधाकररावांची पाठ पडद्याकडे होती. ते 'दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं' म्हणत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की चारशे माणसं तोंडाचा आ करून आपल्या डोक्याच्या वर कुठेतरी बघताहेत. ते वळले. तो प्रचंड विळा त्यांच्या मानेच्या बुडाशी लागला आणि शांतपणे, सफाईनं, ओढला गेला.

"अवो माय वो!"

हत्तीएवढ्या देहाच्या सुधाकररावांची ती किंकाळी बाहेर बसस्टँडवर ऐकू गेली. कबुतरं उडाली. पानठेलेवाला चुन्यासकट आत आला. त्या एका आवाजासरशी सगळं टॉकीज ओरडलं, फरशी ओरडली, बाकं ओरडली, पांढुर्णा आणि सौसर एका सुरात ओरडले. आणि वर माळ्यावर यशवंतराव, ज्यांची डोई बायकोच्या मुठीत होती, ते तर भूतखेत सगळं मानून मोकळे झाले. ब्याऐंशीनंतर पहिल्यांदा त्या शेडमध्ये लोक खरे भ्याले होते. सुधाकरराव ओट्यावर बसून छातीवर हात ठेवून धापा टाकत होते.

जयवंतानं विळा खाली केला आणि कठड्यावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. तिनं कान देऊन ऐकलं होतं.

"हे खरी होती भाऊ," ती म्हणाली. "पोटातून होती."

पैसे कोणी परत मागितले नाहीत. उरलेला सिनेमाही कोणी पाहिला नाही. लोक रस्त्यात उभे राहून कोण किती भ्यालं यावर भांडत बसले. पांढुर्ण्याची मंडळी परत गेली ती त्या सहाच्या खेळाची गोष्ट घेऊन, आणि शकुबाईपर्यंत ती पोचली तेव्हा तिनं हातातलं संत्रं पेटीत ठेवून नुसती मान हलवली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी जयवंता खुर्ची परत करायला गेली. माळ्यावर जाऊन आधी तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली. सुधाकरराव म्हणाले, "असं काय करता. बसा, तुमचीच हाये थे."

"खुर्ची ओरडनाऱ्याची, हे तुमीच म्हनलं होतं," जयवंता म्हणाली. "काल मी ओरडली नाई. तुमी ओरडले."

स्वतःच्या तोंडचा नियम स्वतःच्याच गळ्यात आलेला. सुधाकररावांनी पेंटरला बोलावलं, पेंटर तारपिनाचं फडकं घेऊन आला, आणि खुर्चीमागे वाकला. जयवंता खाली बघत होती. सुधाकररावांनी तिच्याकडे पाहिलं, नावाकडे पाहिलं आणि पेंटरला हाकलून दिलं.

"नाव राहील," ते म्हणाले. "मी बसतो या खुर्चीवर. तुमी माह्या खुर्चीवर बसा."

तेव्हापासून तशीच व्यवस्था झाली. पुढच्या वर्षी सहावा भाग लागला, त्यात पोतेवाला समुद्रकिनारी गेला होता. खेळाला नवे नायब तहसीलदार आले. रिकाम्या नवांपैकी एकीवर बसता बसता त्यांची नजर शेजारच्या पांढऱ्या अक्षरांवर गेली आणि त्यांनी त्या खुर्चीत मावत नसलेल्या गृहस्थांना विचारलं, "ये जयवंताबाई कौन हैं?"

सुधाकररावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पलीकडच्या गादीच्या खुर्चीकडे खूण केली. तिथं पिशवीवर हात ठेवून एक बुटकी बाई शांत झोपली होती आणि पोटातून घोरत होती.

"हळू बोला, साहेब," ते म्हणाले. "मालक झोपले हायेत."